गळ नसलेली दोरी

परवा सकाळी बाल्कनीचं दार उघडलं, तर खुर्च्यांवर पिठासारखी बारीक वाळू बसली होती. शमाल सुटला होता. वायव्येकडून येणारा हा वारा म्हणजे इथल्या आखाती थंडीची वर्दी. उन्हाळाभर तेलासारखं चकाकत पडलेलं खालच्या मरीनाचं, बोटी उभ्या राहतात तिथलं, पाणी त्या दिवशी खरखरीत आणि जागं दिसत होतं. मी फडकं ओलं करून खुर्च्या पुसायला घेतल्या आणि मधेच हात थांबला. ओलं लोखंड, कालवं, भिजलेलं गोणपाट, असा एक वास आला. इतक्या उंचावर तो येण्याचं काही कारण नाही. पण आला.

तन्मय, त्याच दुपारी तुझा व्हिडिओ आला. गोठलेलं तळं, त्यावर तुमचा छोटा तंबू, बर्फाला पाडलेलं गोल भोक, आणि भोकाभोवती इराचे लाल हातमोजे. दोरी ताणली गेली. काळ्या पाण्यात काहीतरी पिवळसर हललं. मग केवढं तरी मोठं डोकं भोकाच्या तोंडाशी आलं, क्षणभर तिथंच अडलं, आणि दोरी बर्फाच्या कडेला घासून तुटली. त्यावर तुझा आवाज, "आजी, इट वॉज धिस बिग." हात किती पसरलेस ते मात्र चित्रात मावलं नाही.

आजोबांनी तो दोनदा पाहिला. हल्ली ते फारसं बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. चष्मा काढून म्हणाले, "दोरी कडेला घासू द्यायची नसते. आणि डोकं वळायच्या आत ओढलं." मग चष्मा पुन्हा चढवत, "पण डोकं दिसलं ना पोरांना. ते पुष्कळ झालं."

वाळवंटात आयुष्य काढलेल्या माणसाला बर्फातल्या भोकाचं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणून हे लिहायला बसले. आमच्याकडे बर्फ नव्हता, पण भोक होतं.

नव्वदीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही रुवैसला राहत होतो. अबूधाबीहून पश्चिमेला गाडी चालवत राहायचं, दोन्ही बाजूंना वाळूशिवाय काही नाही, आणि मग कधीतरी क्षितिजावर रिफायनरीच्या ज्योती दिसायच्या. टाउनशिप आखीव होती. सारखी घरं, सारखी कुंपणं, ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या बसेस. पुष्कळ बायकांना तिथं करमायचं नाही. मला ती शिस्त आवडायची. भांड्यांच्या कपाटासारखं ते गाव होतं, प्रत्येक वस्तू आपल्या जागी.

टाउनशिपच्या पलीकडे एक जुनी जेटी होती. कधी काळी लहान बोटींसाठी बांधलेली आणि पुढे कुणी न वापरलेली. दोन्ही कडांना जाडजूड, बंद पडलेले पाइप आणि त्यांवर कठडा, त्यामुळे कडेवरून पाण्यात दोरी सोडायची सोयच नव्हती. मात्र टोकाजवळ, पायाखालच्या सिमेंटमध्ये, एक चौकोनी भोक होतं. पूर्वी तिथून लोखंडी शिडी खाली बोटीत उतरायची. शिडी गंजून गेली, भोक तेवढं राहिलं. दोन पाट शेजारी शेजारी मांडावेत एवढं, आणि त्याला धारदार कडांची लोखंडी चौकट. पूर्ण भरती असली की पाणी हात खाली घातला तर लागेल इतकं वर यायचं. ओहोटीला ते माणसाच्या उंचीपेक्षा खाली जायचं, आणि मग मासा वर काढण्याचं नावच नको.

त्या भोकातून मी पहिल्यांदा खाली पाहिलं ते अजून विसरले नाही. जेटीच्या खाली सगळी सावली. त्या सावलीत, आमच्या भोकातून, उन्हाचा एक चौकोनी खांब सरळ पाण्यात उतरला होता. हिरवा, धूसर, उभा. त्याच्यात बारीक कण तरंगत होते, आणि चंदेरी पिल्लांचे थवे एका बाजूने त्यात शिरून दुसऱ्या बाजूने विझत होते. सिमेंटचे खांब कालवांनी खरबरीत झालेले. त्यांच्याही खाली हिरव्याचा निळा, निळ्याचा काळा होत गेलेला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. समुद्र मला पुस्तकांतून माहीत, आणि पुस्तकांत तो नेहमी क्षितिजापर्यंत पसरलेला असतो. दोन पाटांएवढा समुद्र कुणी लिहिला नव्हता. वर वारा, वाळू, रिफायनरीची घरघर, आणि माझ्या गुडघ्यांखाली हे असं काहीतरी, कुणासाठी नाही, आपलं आपण चाललेलं. देवळात वाकतो तशी मी वाकले होते, हे उठताना लक्षात आलं.

त्या भोकाशी आम्ही गेलो ते ह्यांच्या हातामुळे. त्या वर्षी प्लांटवर एका पत्र्याची धार ह्यांच्या उजव्या तळहातातून मनगटापर्यंत फिरली. अबूधाबीला ऑपरेशन झालं, टाके निघाले, जखम छान भरली. पण अंगठ्याशेजारच्या दोन बोटांना काही कळेना. ती हलायची, मुठीत यायची, नमस्काराला जोडली जायची. स्पर्श मात्र त्यांच्यातून निघून गेला होता. एकदा चहाचा कप धरून हे शांतपणे पेपर वाचत होते, आणि मला त्या बोटांवर फोड आलेला दिसला. मीच कप काढून घेतला. ते म्हणाले, "काय झालं?"

हे इन्स्ट्रुमेंटचे इंजिनियर. डोळा जिथं पोचत नाही तिथं बोट घालून स्क्रू कितपत घट्ट आहे ते सांगायचं, असलं ह्यांचं काम. कंपनीचे डॉक्टर सुदानचे होते, मोठा शांत माणूस. म्हणाले, तुटलेले मज्जातंतू वाढतात, पण आपल्या मर्जीनं, किंवा वाढतही नाहीत. इन्शाल्ला. जानेवारीच्या अखेरीला पुन्हा तपासणी. बोटांत जाण आली तर साइटवर परत. नाही आली तर ह्यांच्यासाठी तिथं दुसरं काम नव्हतं, आणि काम नाही म्हणजे व्हिसा नाही. महिन्याभरात घर आवरून निघायचं, आणि तुमच्या आईची दहावीची परीक्षा मार्चमध्ये.

ती सरळ विचारायची. एकदा जेवताना म्हणाली, "आई, आर वी गोइंग ऑर नॉट?"

"तू अभ्यास कर."

"दॅट इज नॉट ॲन आन्सर."

हे डाव्या हातात चमचा धरून वरणभात खात होते. म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. आन्सर माझ्याकडे पण नाही, बेटा."

त्यानंतर त्या टेबलावर तो विषय कुणी काढला नाही. पण घरातली प्रत्येक वस्तू मला तेव्हापासून खोक्यात मावते की नाही अशी दिसू लागली.

डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला स्पंजचा चेंडू दिला होता. तो फ्रिजवर पडून असायचा. शालनने तो पाहिला. शालन टाउनशिपच्या दवाखान्यात नर्स होती, अलिबागकडची कोळ्याची मुलगी, नवरा बोटीवर. ड्रेसिंग बदलायला यायची ती नंतर नुसती चहाला येऊ लागली. तिचा आवाज दोन घरं पलीकडे जायचा आणि हसू तीन.

"दादा, चेंडू दाबून कंटाळा येणारच," ती म्हणाली. "चेंडू काय बोलतो का? दोरी धरा. दोरीला खालनं उत्तर येतं."

"कसली दोरी?"

"मासे पकडायची. आणखी कसली? वहिनी, गुरुवारी दुपारी काय करता तुम्ही?"

तेव्हा इथं गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी सुट्टी असायची. गुरुवारी दुपारी मी कपाटं आवरायचे. ती कपाटं त्या हिवाळ्यात तशीच राहिली.

पहिला मोठा मासा आम्ही तुमच्यासारखाच घालवला. दोरीला हिसका बसला, ह्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, चौकटीच्या कडेवर दोरी करकरली आणि गेली. शालन कमरेवर हात ठेवून उभी.

"दादा, विहिरीतनं बादली काढताय का?"

"मग काय करायचं होतं?"

"काही करायचं नव्हतं. तो ओढेल तेव्हा द्यायची, तो दमेल तेव्हा घ्यायची. खांबाकडे वळला तर तेवढं अडवायचं, नाहीतर कालवांवर दोरी कापून घेतो. बाकी सगळं तोच करतो."

पुढच्या खेपेला तिनं एक गोणपाट आणलं. मी ते चार पट्ट्यांत कापून, सुतळीने चौकटीच्या चारही कडांवर नीट शिवून टाकलं, कोपरे दुमडून. शालन बघत राहिली.

"वहिनी, तुम्ही तर भोकाला साडीचा फॉल लावला."

हसायचं तर हसू दे, पण त्यानंतर एकही दोरी तिथं कापली नाही. तन्मय, बर्फाला फॉल लावता येत नाही हे मला समजतं. पण दोरी भोकाच्या मधोमध ठेवता येते. त्यासाठी भोकाच्या अगदी वर उभं राहावं लागतं, आणि मोठा मासा आला की माणूस नेमका मागे सरतो. भीतीने नाही, जोर लावायला. मागे सरलं की दोरी कडेला टेकते.

दुसरी गोष्ट सावलीची. "सगळे मासे इथंच जातात, वहिनी," शालन सांगायची. "तळाशी नाही, वाटेत नाही. उजेड दिसला, माणूस दिसला, की शेवटची उडी मारतात." म्हणून आमची सावली भोकावर पडणार नाही अशा बाजूला बसायचं. माशाचं तोंड वर होईपर्यंत, म्हणजे तो स्वतः वर बघायला लागेपर्यंत, वाट बघायची. आडवा मासा भोकातून येतच नाही, कितीही ओढा. तोंड वर झालं की ओल्या फडक्यासकट एक हात खालच्या जबड्याखाली, दुसरा पोटाखाली, आणि तो शेपटीने रेटा देईल त्या रेट्याबरोबर उचलायचं. दोरीने उचलायचं नाही. दोरी फक्त वाट दाखवायला. हे हात घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण ह्यांच्या मुठीचा भरवसा नव्हता.

ज्या शुक्रवारी आमचा पहिला मोठा हमूर, खडकांच्या आडोशाला राहणारा इथला मोठ्या तोंडाचा मासा, वर आला, त्या शुक्रवारी तो खूप वेळ खालीच फिरत राहिला. मग त्या उन्हाच्या खांबात आधी सावली आली, मग सावलीला ठिपके आले. तपकिरी, वाळूवर ढगांच्या सावल्या पडाव्यात तसे. मी हात घातले. पाणी थंडगार आणि त्यात तो त्याहून थंड, घट्ट, जिवंत. डोकं आलं आणि अंग आपोआप मागून आलं, न्हाणीतून लहान मूल उचलून घ्यावं तसं. ओल्या गोणपाटावर ठेवल्यावर त्यानं डोळा फिरवून माझ्याकडे पाहिलं. माशाचा डोळा फिरतो हे मला माहीतच नव्हतं.

"अगं बाई, हा तर आपल्याकडचा हेकरूच," शालन म्हणाली. "इथं येऊन हमूर झालाय. आपण नाही का इथं येऊन मॅडम झालो?"

तो मासा शेजारच्या घरांत वाटून खाल्ला. आजही इथल्या सुपरमार्केटात बर्फावर मांडलेले हमूर दिसतात, डोळे पांढरे झालेले. मी थांबत नाही, पुढे जाते. त्यांची ओळख मला दुसरीकडून आहे.

त्या सगळ्या दिवसांत मी ह्यांचा हात बघायचे. दोरी अंगठ्याने आणि शेवटच्या बोटांनी धरलेली, आणि ती दोन बोटं बाजूला उभी, आमंत्रण नसताना आलेल्या पाहुण्यांसारखी. शालन रागावली की हे दोरी त्या बोटांवरून घ्यायचे, पण मग सारखं खाली बघायचे, ती तिथं आहे की सरकली. बघितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही.

मग मार्गशीर्ष लागला. माझी आई महालक्ष्मीचे गुरुवार करायची. मी कॉलेजात गेले तशी मी ते सोडले, आणि इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या वर्षी मी कलश मांडला. का, ते कुणी विचारलं नाही. पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. रुवैसमध्ये त्या गोळा करणं म्हणजे काम होतं. कडुनिंब आणि बोगनवेल रस्त्याच्या कडेला, जास्वंद आमच्याच कुंपणात, मेंदी दवाखान्यामागे, आणि पाचवी म्हणून वाळवंटातल्या घाफच्या झाडाची. घाफ आईच्या पाचांत नव्हता. पण इतक्या कमी पाण्यात इतका हिरवा राहणारा दुसरा कोण होता तिथं? मी त्याला घेतलं. नारळ को-ऑपमधला, श्रीलंकेचा.

गुरुवारी आमच्याकडे मासा शिजणार नाही, घरात येणार नाही आणि आमच्या हातून मरणार नाही, असं मी जाहीर केलं. ह्यांनी ऐकून घेतलं.

"लक्ष्मीचं माहेर समुद्र, आणि तिला मासे चालत नाहीत," म्हणाले. "कमाल आहे."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. पण गुरुवारचं जेटीवर जाणं मी बंद करणार नाही. तुझं व्रत तुला, माझा व्यायाम मला."

आणि त्यांनी पक्कड घेऊन दोरीचा गळ कापून टाकला. डाव्या हाताने, जमेल तसा. राहिला शिशाचा तुकडा, आणि त्याच्या खाली माकुल माशाचा रबरासारखा चिवट तुकडा, माझ्या शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने करकचून बांधलेला. मासे यावेत, चावावं, दोरी हलावी, आणि त्यांनी आपल्या वाटेने जावं.

जेटीवर शालनने ती दोरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मार्गशीर्ष आमच्याकडे पण पाळतात, वहिनी. जाळी घरात ठेवतात, माणसं घरात बसतात. पण गळ काढून मासे पकडायला बसलेला माणूस माझ्या बापानं पण बघितला नसेल."

"पकडायला नाही," हे म्हणाले. "भेटायला."

"भेटा, भेटा. मी चहा ओतते."

गुरुवारमागून गुरुवार बारीक मासे यायचे, टोचल्यासारखं करायचे, जायचे. हे दोरीकडे बघत बसायचे. घरी आल्यावर बोटं पुसताना मी ती जरा दाबून बघायचे, त्यांना कळू न देता. आणि त्यांना ते खरंच कळायचं नाही.

महिन्यातला शेवटचा गुरुवार असावा. शमाल दोन दिवस झोडपून दमला होता. पाणी काठोकाठ भरलेलं, आणि इतकं स्वच्छ की तो उन्हाचा खांब नेहमीपेक्षा खोल उतरला होता. माझ्या कपाळाला हळदकुंकू, शालनच्या अंगावर ड्युटीचा पांढरा ड्रेस आणि वर मुलाचा स्वेटर. ती शेजारणीच्या सुनेची काहीतरी गोष्ट सांगत होती. दोरी हळूच एका बाजूला सरकली. हिसका नाही, ओढ नाही. नुसती सरकली आणि थांबली.

"अडकली खांबाला," शालन म्हणाली. "सोडवून घ्या."

"नाही," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दोरीकडे बघत नव्हते. समोर, पाण्यापलीकडे कुठेतरी बघत होते, आणि चेहरा असा, की कुणीतरी दुरून हाक मारली आहे आणि ती आपल्यालाच आहे का हे ते ठरवताहेत.

"हा श्वास घेतोय," ते म्हणाले.

"कोण?"

त्यांनी डोळे मिटले. दोरी त्या दोन बोटांवरून खाली गेली होती. "कल्ले उघडतात, मिटतात. पुन्हा उघडतात. इथं." आणि ती दोन बोटं त्यांनी किंचित उचलली. "इथं कळतंय."

शालनची गोष्ट अर्धीच राहिली. त्या सुनेचं पुढं काय झालं, ते मला आजतागायत कळलं नाही.

मग त्यांनी दोरी घ्यायला सुरुवात केली. गळ नव्हता, हे लक्षात घ्या. खाली जे कुणी होतं त्याने तो तुकडा स्वतःच्या इच्छेने तोंडात धरला होता. केसभर जास्त ओढलं तर तो तोंड उघडणार, आणि खलास. त्यांनी विचारल्यासारखी दोरी घेतली. दोन बोटांएवढी दोरी घ्यायची, थांबायचं. खालून हो आलं की पुन्हा दोन बोटं. डोळे शेवटपर्यंत मिटलेले. मी आयुष्यात कितीतरी शाळा-कॉलेजं, घरं, दवाखाने पाहिले असतील, पण एका माणसाने इतकं लक्ष देऊन काही करताना मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही.

उन्हाच्या खांबात तो आला, तेव्हा आधी मला वाटलं तळच वर येतोय. इतका रुंद. मग ठिपके दिसले, मग ओठ, जाड आणि खाली झुकलेले, एखाद्या फार म्हाताऱ्या आणि फार मोठ्या घरच्या माणसासारखे. ओठाच्या कोपऱ्यातून माझा पांढरा दोरा बाहेर आलेला. त्याचं डोकं वर आलं, आणखी वर आलं, आणि ते भोक भरून गेलं. कडेला चार बोटंसुद्धा पाणी दिसत नव्हतं. तोंड वर, सरळ वर, जसं शालन सांगायची तसं. आणि तिथं तो थांबला. पाण्याच्या पातळीवर, आमच्यापासून एका हातावर, काहीही न करता. कल्ले उघडत होते, मिटत होते. डोळा फिरला. शालनकडे, माझ्याकडे. त्या डोळ्यात सोन्याची बारीक कड होती.

ओलं फडकं सवयीने माझ्या हातात आलेलं होतं.

"वहिनी," शालन कुजबुजली. मी तिला पहिल्यांदाच कुजबुजताना ऐकत होते. "घाला हात. जबड्याखाली. असा पुन्हा मिळायचा नाही."

"गुरुवार आहे."

"तो स्वतः आलाय, वहिनी. आपण कुठं आणला?"

आणि खरं सांगते, मला माहीत होतं की तो येईल. हात घातले असते तर तो आला असता. इतकं सरळ डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"थांबा," ते डोळे मिटूनच म्हणाले, अगदी हळू. "कुणी हलू नका. मला कळतंय, ते जाऊ देऊ नका."

म्हणून आम्ही हललो नाही. मासा आणि ते, दोघंच होते तिथं. मी आणि शालन बाजूला बसलेल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही, आणि मी मोजणारी बाई आहे. मग त्याने तोंड उघडलं. घाईने नाही, दार हळूच उघडावं तसं. आत सगळं फिकट गुलाबी, अंधाराकडे गेलेलं. माकुलाचा तुकडा तरंगत बाहेर आला, आणि तो मागच्या मागे, एकही लाट न उठवता, त्या खांबातून खाली खाली गेला. आधी ठिपके गेले, मग सावली.

जानेवारीच्या अखेरीला तपासणीच्या खोलीत मी ह्यांच्या मागे उभी होते. डॉक्टर म्हणाले डोळे मिटा. कापसाच्या एका तंतूने त्यांनी एका बोटाला स्पर्श केला, मग दुसऱ्याला, मग मुद्दाम स्पर्श न करता थांबले. ह्यांनी दोन्ही वेळा हो म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी काहीच नाही. डॉक्टरांनी कापूस टाकून दिला आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "यल्ला हबीबी, गो बॅक टू वर्क." तुमच्या आईने त्याच शाळेत परीक्षा दिली, आणि आम्ही पुढे पुष्कळ वर्षं तिथंच राहिलो. व्रतामुळे की दोरीमुळे, की मज्जातंतूंची मर्जी झाली म्हणून, हे मी ठरवलेलं नाही. शालन म्हणायची, वहिनी, सगळ्यांनाच थोडं थोडं द्या.

पण तपासणीच्या खोलीत मला फार धाकधूक नव्हती, कारण मला आधीच माहीत होतं. ते त्या गुरुवारीच, मासा गेल्यानंतर, कळलं होतं.

शालन दोरी गुंडाळायला पुढे झाली. तेव्हा ह्यांनी डोळे न उघडता मान हलवली, नको म्हणून. दोरी तशीच दोन बोटांवरून पाण्यात सोडलेली. तिला आता शिसं आणि चघळलेला तुकडा, बाकी काही नाही.

"अजून आहे का कुणी?" मी विचारलं.

"मासा नाही."

"मग?"

रिफायनरीचा आवाजसुद्धा दूर गेल्यासारखा झाला होता.

"पाणी," ते म्हणाले. "पाणी चाललंय दोरीला घासून. इतका वेळ दोरी ह्या बोटावर टेकली होती. मग मधे उभी राहिली. आता ह्या दुसऱ्या बोटावर आली." त्यांनी ते बोट किंचित उचललं. "वळलं बघ. ओहोटी लागली."

शालनने माझ्याकडे पाहिलं. मी भोकाशी गुडघे टेकले आणि वाकून जेटीच्या खांबाकडे पाहिलं. कोरड्या सिमेंटच्या खाली आणि पाण्याच्या वर, एक बोटभर ओली पट्टी उघडी पडली होती.